नवीन कामाला लागलात? गावात-बाजारात नाव कसं कमवायचं ते पायरीपायरीने

आयटीआय करून, बारावी करून किंवा शाळा अर्धवट सोडून कामाला लागलेली पोरं-पोरी मला नेहमी विचारतात की भाऊ, गिऱ्हाईक टिकवायचं कसं, शेठचा विश्वास कधी बसतो, बोर्ड मोठा लावू का, इन्स्टावर जाहिरात टाकू का. मी चोपडा-अमळनेर पट्ट्यात मोटर वायंडिंगचं आणि ठिबक फिटिंगचं काम करतो, माझ्याकडे शिकून गेलेली पोरं आता स्वतःची दुकानं चालवतात, म्हणून माझी उदाहरणं जास्त करून मोटरींचीच येतील. पण तुम्ही दाल मिलला असा, सराफाच्या पेढीवर असा, एमआयडीसीत असा नाहीतर घरी शिलाई मशीन चालवत असा, बाकी सगळं तुम्हालाही लागू पडतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा. तुमच्याबद्दल लोकांचं मत बनतं ते तुम्ही तिथून निघून गेल्यावर. तुमचं काम मागाहून कोणीतरी उघडून बघतं, तुमचा हिशोब घरी बसून कोणीतरी पुन्हा लावतं, टपरीवर कोणीतरी तुमचा विषय काढतं आणि दुसरा त्यात दोन शब्द घालतो, तेव्हा. आपल्या खान्देशात हे बघायचं असेल तर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे दिवस बघा. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्ष आखाजीला संपतं आणि नवीन ठरतं, आता सालदार कमी झालेत पण ज्या गावात आहेत तिथे एखाद्याच्या दारात दोन-तीन घरची माणसं अॅडव्हान्स घेऊन बसलेली असतात आणि एखाद्याला कोणी विचारत सुद्धा नाही. त्याने कुठे बोर्ड लावलेला नसतो. वर्षभर बैलांना वेळेवर पाणी पाजलं का, रात्रीची लाईट आली तेव्हा उठून पिकाला बारे (पाणी) द्यायला गेला का, मालक गावाला गेलेला असताना बांधावर झोपला का काम केलं, हे शेजारच्या शेतातल्यांनी गुपचूप बघितलेलं असतं. तुमचंही असंच कोणीतरी बघतंय, वाईट बुद्धीने नाही, पण बघतंय.

पहिली पायरी: आत्ता कोणाच्या नावावर उभे आहात ते ओळखा

खेड्यावर कामाला गेलं की पहिला प्रश्न कामाचा येत नाही. ओट्यावर बसलेले आबा विचारतात, "कोनना पोऱ्या शे रे भो तू?" मग तुम्ही बापाचं, काकाचं, मामाचं नाव सांगता आणि त्या नावावर तुम्हाला चहा मिळतो, विहिरीवरच्या खोलीची किल्ली मिळते, घरात बायामाणसं एकटी असली तरी अंगणात बसायला खाट टाकून देतात. हे तुमचं नाही, उसनं आहे, आणि उसनं घेतलेलं जपून वापरायचं असतं. तसंच ज्याच्या शब्दावर शेठने तुम्हाला ठेवून घेतलं त्याचंही. तुम्ही चौथ्या दिवशी न सांगता दांडी मारली तर शेठ तुम्हाला नंतर बोलतो, आधी त्या माणसाला फोन लावतो.

म्हणून काम लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या माणसाकडे जाऊन या. एवढंच सांगा की काका, लागलो कामाला, माझ्याबद्दल काही कानावर आलं तर आधी मला सांगा. ह्याने दोन गोष्टी होतात, त्यांना बरं वाटतं आणि तक्रार आली तर ती तुमच्यापर्यंत लवकर पोचते. काम सोडायची वेळ आली तरी शेठच्या आधी किंवा निदान त्याच दिवशी त्यांना कळवा.

आता काहींच्या घरचं नाव आधीच खराब असतं. वडील पितात, भावाने कोणाचे पैसे बुडवलेत, असं काही. अशा पोरांनी नाव विचारल्यावर मान खाली घालू नका, नाव स्पष्ट सांगा आणि काम घ्या. तुम्हाला दुसऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागेल, हे खरं आहे आणि अन्यायाचं आहे. अशा वेळी पहिलं वर्षभर अॅडव्हान्स कोणाकडून घेऊच नका, काम करून मग पैसे घ्या, छोटी कामं घ्या, आणि ज्याच्या घरी पैसे अडकलेत त्याच्याकडे जाऊन जमेल तेवढी रक्कम महिन्याला द्यायला लागा, पाचशे का असेना. लोक ह्याची चर्चा करतात, आणि ती चर्चा चांगली असते.

दुसरी: वेळ सांगताना खोटं बोलायचं नाही

नवीन पोरं इथेच मार खातात, म्हणून जरा जास्त लिहितो.

मे महिना, पारा ४५ च्या वर, केळीचा बाग उभा, आणि मोटर जळाली. शेतकरी मोटर गाडीवर बांधून दुकानात आणतो, घामाघूम झालेला असतो, त्याला फक्त "संध्याकाळी घेऊन जा आप्पा" एवढंच ऐकायचं असतं, आणि नवीन पोरगा दया येऊन किंवा गिऱ्हाईक जाईल ह्या भीतीने तेच बोलून टाकतो. आता बघा, मोनोब्लॉकची (पंप आणि मोटर एकत्र असलेली) मोटर रिवाइंड करायची म्हणजे जुन्या कॉइल काढा, स्लॉट साफ करा, इन्सुलेशन पेपर घाला, नवीन कॉइल भरा, कनेक्शन करा, टेस्ट घ्या, मग वार्निश आणि मग ते वाळू द्या. वार्निश नीट न वाळवता दिली तर मोटर आज चालेल, पाणी पडेल, आप्पा खुश होतील, आणि थोड्याच दिवसात तीच मोटर परत जळून येईल. मग ते गावात काय सांगतील ते तुम्हाला कळतंय.

तर करायचं असं. एक, कामाला खरा वेळ किती लागतो ते स्वतःला माहीत पाहिजे, अंदाजे नाही, चार-पाच कामं करताना घड्याळ बघून लिहून काढा. दोन, सांगताना त्यात थोडी सूट धरा, सहाला होईल वाटलं तर आठ सांगा. तीन, उशीर का लागतो ते दोन वाक्यात सांगा, लोकांना कारण कळलं की ते थांबतात. चार, त्याची लाईट विचारा. शेतीची लाईट कधी दिवसा असते कधी रात्री, पाळीने, म्हणून "ह्या आठवड्यात तुमची लाईट कधीची आहे" हा प्रश्न माझ्याकडच्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी शिकवतो. लाईट रात्री दहाला येणार असेल तर मोटर दुपारी चारला दिली काय आणि रात्री साडेआठला दिली काय, त्याला सारखंच, पण तुम्हाला साडेचार तास जास्त मिळतात आणि काम नीट होतं. आणि उलटं, सकाळची लाईट असेल तर रात्री जागून करा. गिऱ्हाईकाला वेळ म्हणजे त्याच्या कामाची वेळ, आपल्या घड्याळाची नाही.

पाच, जमत नसेल तर सांगितलेली वेळ व्हायच्या आधी फोन करा. नंतर नाही, आधी. "आप्पा, बेअरिंग जळगावहून यायचंय, गाडी चुकली, आज नाही होत, उद्या अकरापर्यंत देतो, तुम्ही चक्कर मारू नका." त्या माणसाची वीस किलोमीटरची चक्कर वाचली तर तो चिडत नाही, चिडला तरी विश्वास तुटत नाही. ज्या पोराचा फोन वेळ टळून गेल्यावर बंद लागतो त्याचं काम सोन्यासारखं असलं तरी लोक त्याच्याकडे जात नाहीत. जमलं तर एखादी जुनी रिपेअर केलेली मोटर दुकानात ठेवा, अगदी अडलेल्याला दोन दिवस वापरायला द्यायला.

नोकरीवाल्यांनो, तुमचं सोपं आहे. शिफ्टच्या आधी दहा मिनिटं पोचा आणि सुट्टी हवी असेल तर आदल्या दिवशी तोंडाने सांगा, सकाळी मेसेज टाकून मोकळे होऊ नका. लग्नसराईत तर दोन आठवडे आधी सांगा कारण त्या तारखांना अर्ध्या कामगारांना सुट्टी हवी असते.

तिसरी: जे दिसत नाही ते काम आधी नीट करा

सबमर्सिबल मोटर एकदा बोअरमध्ये गेली की कोणालाच काही दिसत नाही. केबलचा जॉइंट तुम्ही नीट टेप मारून पाण्यापासून बंद केला का घाईत दोन वेढे मारले, हे फक्त तुम्हाला माहीत. जॉइंट गेला तर चार माणसं लावून पाईपासकट सगळी मोटर वर काढावी लागते, दिवस जातो, मजुरी जाते, आणि वर आलेला जॉइंट सगळ्यांच्या समोर उघडा पडतो. त्या वेळी तुम्ही तिथे नसता. म्हणून माझा नियम आहे की जॉइंट करताना फोन खिशात, गप्पा बंद.

तांब्याच्या तारेचं पण तसंच. जळालेल्या तारेला भंगारात भाव येतो, म्हणून ती कोणाची हे काम घेतानाच ठरवून घ्या. गिऱ्हाईकाची ठरली तर काट्यावर वजन करून त्याच्या हातात द्या, तुमची ठरली तर तेवढे पैसे मजुरीतून कमी करून बिलावर तसं लिहा. बदललेलं बेअरिंग, बुश, जे काही निघालं ते पेपरात गुंडाळून परत द्या. बऱ्याच जणांना ते नको असतं, रस्त्यात फेकून देतील, तरी द्या, कारण आपली वस्तू खरंच बदलली हे त्याला हाताने बघायला मिळतं. बिलावर तारेचा गेज (जाडी), तारेचं वजन आणि तारीख लिहा. मी तर टर्मिनल बॉक्सच्या झाकणाला आतून मार्करने तारीख लिहितो. उद्या दुसऱ्या वायंडरने ती मोटर उघडली तर त्याला कळतं की काम कधीचं आहे आणि कसं आहे, आणि धंद्यातल्या माणसाने तुमच्या कामाला बरं म्हटलं तर ते दहा गिऱ्हाईकांच्या बरं म्हणण्याएवढं असतं. तांब्याच्या पैशात अॅल्युमिनियमची तार भरणारे आहेत बाजारात. ते किती दिवस टिकतात ते तुम्हीच बघा.

शिलाईवाल्या ताईंनो, उरलेलं कापड परत द्या. दोन बोटांची पट्टी उरली तरी ब्लाऊजच्या घडीत घालून द्या. आणि आत माया (शिवणीत जास्तीचं कापड) ठेवा, पुढच्या वर्षी ब्लाऊज सैल करायची वेळ आली की बाई शिवण उसवते, आत कापड सापडतं, आणि तिथेच तुमचं नाव निघतं. अमळनेरला एक ताई आहेत, आखाजीच्या आधी माहेरी येणाऱ्या पोरींचे ब्लाऊज त्यांच्याकडे एवढे येतात की त्या एका तारखेनंतर नवीन घेतच नाहीत, सरळ सांगतात की बाई, आता घेतला तर सणाला मिळणार नाही. नाही म्हटलेल्या बायका पुढच्या वर्षी महिनाभर आधी येतात.

केळीच्या पॅकिंगला जाणाऱ्या पोरांना पण सांगतो. बॉक्समध्ये वरच्या थराला चांगल्या फण्या आणि खाली वापसीचा (नाकारलेला) माल दाबला तर ट्रक भरला जातो, पण तो बॉक्स दुसऱ्या टोकाला कोणीतरी उलटा करणारच आहे. २०१६ साली जळगावच्या केळीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आपल्या भरताच्या वांग्यालाही त्याच वर्षी मिळालं. बॉक्स भरणारा हात तुमचा असतो, पण बाहेरचा व्यापारी तुमचं नाव घेत नाही, तो "जळगावचा माल" म्हणतो, म्हणजे तुमच्यामुळे ज्याने वर्षभर बाग जपला त्या माणसाचं पण नाव जातं.

चौथी: पैसा

ह्यावर घरोघरी भांडणं झालेली आहेत म्हणून सरळ सांगतो.

वही ठेवा. मोबाईलमध्ये ठेवा नाहीतर कागदावर, पण रोजची रोज. आपल्याकडे उधारी पिकावर चालते, कापूस निघाला की देतो, केळीची कटाई झाली की देतो, हे सगळं चालतं आणि चालणारच. पण उधारी देताना समोरच्याच्या समोर आकडा लिहा, तारीख लिहा, आणि त्याला वाचून दाखवा. म्हातारी माणसं सही करत नाहीत, त्यांना वाईट वाटतं, तर नुसतं वाचून दाखवलं तरी पुरे. पैसे जमा झाले की त्याच्यासमोरच खोडा. फोन पे आला तर "आले बरं का आबा" असा एक फोन किंवा मेसेज करा. मागायला जाताना चार माणसात मागू नका, बाजारात तर अजिबात नाही, घरी जा नाहीतर शेतावर जा. चारचौघात मागितलेले पैसे मिळतात पण माणूस परत येत नाही.

तुमच्या हाताखाली मजूर असतील तर त्यांचा पगार बाजाराच्या दिवशी सकाळी द्या, संध्याकाळी नाही. आठवड्याचा भाजीपाला, मिरची-मसाला, पोरांची वह्या-पुस्तकं त्या एका दिवसावर अवलंबून असतात, पैसे संध्याकाळी सातला दिले तर बाजार उठलेला असतो आणि उरलेला माल घ्यावा लागतो. सातपुड्यातून पावरा, भिल्ल मजूर कामाला येतात, त्यांचा हिशोब तर अजून काळजीने करा. त्यांना हिशोब येत नाही असं समजणाऱ्याला लवकरच मजूर मिळायचे बंद होतात, एका पाड्यावरची बातमी दुसऱ्या पाड्यावर जायला वेळ लागत नाही. त्यांच्याशी अरेतुरे करू नका, वयाने मोठा असेल तर दादा म्हणा, बाई असेल तर ताई म्हणा. ज्याच्याकडून तुम्हाला काहीच फायदा नाही त्याच्याशी तुम्ही कसे बोलता हे शेठ लोक फार बारकाईने बघतात, मला दोन मोठी कामं मिळाली ती अशीच मिळाली.

वजनकाटा असेल तर त्याची पडताळणी वेळेवर करून घ्या, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी करावी लागते, आणि ते प्रमाणपत्र भिंतीला लावा. गावोगाव फिरून कापूस घेणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त लागू आहे. शेतकरी आता घरी मोजून आणतो, आणि क्विंटलमागे दोन किलो कमी लागले तर तुम्हाला काही न बोलता पुढच्या वर्षी दुसऱ्या गाडीला हात करतो.

बँकेतली पत पण आता नावातच धरा. सिबिल स्कोअर, म्हणजे तुम्ही कर्ज कसं फेडता त्याचा आकडा, ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या वर असला की कर्ज मिळायला सोपं जातं. मोबाईलचा, गाडीचा हप्ता दोनदा चुकला तरी तो खाली येतो, आणि उद्या दुकानासाठी कर्ज मागायला गेलात की तो मोबाईल आडवा येतो. घरी शेती असेल आणि सोसायटीचं पीककर्ज असेल तर ते मुदतीत भरा, आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य टक्के पडतं. आणि जामीन राहताना दहा वेळा विचार करा. मित्राने हप्ते थकवले की बँक तुमच्या दारात येते आणि तुमचाही रेकॉर्ड खराब होतो. "भो, फक्त सही पाहिजे" असं म्हणत जो येतो त्याला नाही म्हणायला जड जातं, मला माहीत आहे, पण ती सही म्हणजे तुमचे पैसेच आहेत. देण्याची ऐपत असेल तरच करा.

पाचवी: तोंड

थोडक्यात सांगतो. दुसऱ्याचं काम उघडलं आणि खराब दिसलं तर "कोणत्या गाढवाने केलंय" असं म्हणायचं नाही. "ही तार बारीक पडलीये आप्पा, जाड लागेल" एवढं पुरे, त्याला कळतं. ह्या घरातलं त्या घरात न्यायचं नाही. आपण लोकांच्या घरात, शेतात, विहिरीवर जातो, नवराबायकोचं भांडण ऐकू येतं, भाऊबंदकी दिसते, कोणाकडे किती माल पडलाय ते दिसतं. चहाच्या टपरीवर हे विकायला गेलात तर त्या दिवशी सगळे तुमचं ऐकतील, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरात तुम्ही आलात की बोलणं बंद होईल. कापसाच्या किंवा केळीच्या वक्कलाची (विकायला तयार मालाची) बातमी व्यापाऱ्याला आधी सांगणारा फिटर कोणालाच नको असतो.

फोनबद्दल पण इथेच. लोकांच्या शेताचे, घराचे फोटो स्टेटसला टाकताना विचारून टाका. गावच्या ग्रुपवर कोणाशी भांडू नका, तिथे लिहिलेलं कोणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवतं आणि दोन वर्षांनी बाहेर काढतं. आणि मित्रांना सांगून दुकानाला खोटे पाच-पाच स्टार घ्यायचे नाहीत. गावात सगळ्यांना माहीत असतं कोणाचा मित्र कोण आहे.

सहावी: काम बिघडलं तर

बिघडणार. कोणाचंही बिघडतं. तेव्हा तुम्ही काय करता ह्यावर पुढची दहा वर्षं ठरतात.

समजा तुम्ही भरलेली मोटर आठ दिवसात परत आली. पहिलं, भांडायचं नाही आणि लगेच कबूलही व्हायचं नाही. "बसा दादा, तुमच्यासमोरच उघडतो" असं म्हणा आणि उघडा. आतलं बघितलं की बरंच कळतं. काही फेजच्या कॉइल जळून काळ्या पडल्यात आणि बाकीच्या चांगल्या आहेत, तर बहुतेक एक फेज गेलेली असताना मोटर चालली. सगळीकडून सारखी जळालीये तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा मोटर जाम झाली असेल. एकाच जागी स्लॉटमध्ये जळून शॉर्ट झालीये, पेपर फाटलाय, तर बहुतेक आपलंच भरताना चुकलं. हे त्या माणसाला बोट ठेवून दाखवा, जळालेली कॉइल हातात द्या. आपलं चुकलं असेल तर तिथल्या तिथे सांगा की हे माझं, पुन्हा फुकट भरतो, वाहतूक पण माझी. लाईटचं असेल तर तेही दाखवा, आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र) लावून घ्या असं सांगा, मजुरीत थोडं कमी करा. बिलावर पहिल्यापासूनच लिहिलेलं असावं की गॅरंटी कशाची आहे आणि कशाची नाही, म्हणजे वाद होत नाही.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका पोराने बोअरमध्ये मोटर सोडताना पाईपचा सॉकेट नीट आवळला नव्हता. घरी आल्यावर त्याला आठवलं. रात्री नऊला तो परत खेड्यावर गेला, शेतकऱ्याला उठवलं आणि सांगितलं की नाना, माझ्याकडून राहिलंय, सकाळी वर काढून आवळतो, तोवर चालू करू नका. नाना चिडले, दोन शिव्या दिल्या. पण आज त्या गावात त्या पोराशिवाय दुसऱ्याला कोणी बोअरला हात लावू देत नाही, आणि ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही, नानांनीच सांगितली.

नोकरीतही हेच. बिल चुकीचं निघालं, कट्टे मोजताना एक कमी लागला, गिऱ्हाईकाला दागिन्याचं वजन चुकीचं सांगितलं, तर शेठला दुसऱ्याकडून कळायच्या आधी तुम्ही सांगा. आणि सांगताना काय झालं, किती नुकसान, आता काय करायचं, ह्या तीन गोष्टी सांगा. कोणामुळे झालं हे विचारल्यावरच.

सातवी: काही कामांना नाही म्हणायचं

आमच्या धंद्यात दोन गोष्टी हमखास येतात. एक, "आकडा टाकून दे भो, एका रात्रीचं पाणी आहे", म्हणजे तारेवर हूक टाकून चोरीची लाईट. दुसरी, ठिबकच्या अनुदानासाठी "बिल जरा वाढवून दे, दोघांचं भलं होईल". ठिबकला राज्यात अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्के अनुदान आहे, रक्कम मोठी असते, त्यामुळे मोह होतो. वीजचोरीला २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा एक बाजूला ठेवा, जो माणूस आज तुमच्याकडून खोटं बिल घेतो तो उद्या स्वतःच्या कामासाठी तुमच्यावर कसा विश्वास ठेवणार? त्याला माहीत झालेलं असतं की हा खोटं बिल बनवतो.

नाही म्हणताना उपदेश करू नका, त्याने माणूस दुखावतो. "दादा, ते माझ्याकडून नाही होत, पण तुमच्या खऱ्या बिलाची कागदपत्रं मी आज संध्याकाळी पूर्ण करून देतो, अर्ज पण भरून देतो." असं दुसऱ्या हाताने काहीतरी द्या. एकदोन गिऱ्हाईकं जातील. पहिल्या वर्षी ते टोचतं, घरचेही बोलतात की फार शहाणा झालास. दोन-तीन वर्षांत लोकांना कळतं की ह्याच्याकडे ते चालत नाही, मग ते विचारत पण नाहीत.

कोणी बदनामी केली तर

होते. विशेषतः जुन्या दुकानदाराच्या शेजारी नवीन दुकान टाकलं की होतेच. टपरीवर जाऊन उत्तर देऊ नका. ज्या गिऱ्हाईकाचं नाव घेऊन बोलणं चाललंय त्याच्याकडे जा, सरळ विचारा की आप्पा, माझ्या कामात काही राहिलं असेल तर सांगा. राहिलं असेल तर करून द्या. नसेल तर आप्पाच चार माणसात बोलतील. आणि ज्याने बोललं त्याच्या दुकानात सणाला जाऊन राम राम करून या. त्याच्याकडे एखादं स्पेअर नसेल आणि तुमच्याकडे असेल तर द्या. आपले तालुके छोटे आहेत, पुढची तीस वर्षं त्याच बाजारात बसायचंय.

शेवटची: काम सोडून जाताना

पुण्याला, चाकणला, नाशिकला, सुरतला जाणारी पोरं भरपूर आहेत. सुरतेत उधना, लिंबायत भागात आपली एवढी माणसं आहेत की तिथे पोचायच्या आधी तुमची बातमी पोचलेली असते, चांगली असो का वाईट. म्हणून जाताना नीट जा. निदान पंधरा दिवस आधी सांगा. हातातलं काम पूर्ण करा, नाहीतर दुसऱ्याला समजावून द्या, कोणत्या गिऱ्हाईकाचं काय राहिलंय ते लिहून द्या. किल्ल्या, टूल, गाडीची कागदपत्रं मोजून परत करा. घेतलेला अॅडव्हान्स फिटला का ते शेठसोबत बसून बघा आणि शिल्लक असेल तर किती आणि कधी देणार ते ठरवा. किराणावाल्याची, मेसवाल्या मावशीची, पानटपरीवाल्याची उधारी चुकती करा, ही छोटी माणसंच पुढे सगळ्यात जास्त विचारली जातात. शेठने शेवटचा पगार अडवला तरी रागात सामान उचलून नेऊ नका, ज्याने कामाला लावलं त्या माणसाला मध्ये घाला, तरी शेठने नाही ऐकलं तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज द्या.

आणि नवीन गावी गेल्यावर जुन्या गावच्या दोन-तीन गिऱ्हाईकांना विचारून त्यांचे नंबर जवळ ठेवा. नवीन शेठने विचारलं की ह्याआधी कुठे होतास, तर ते नंबर द्या आणि म्हणा, त्यांना फोन लावा.